मुक्कामाला जागा देणारे गाडगेबाबा

प्रवासाला निघालेल्या माणसाला दिवसाची काळजी फारशी नसते. चालत राहिले की दिवस सरतो. खरी काळजी लागते ती ऊन उतरू लागल्यावर. आज मुक्काम कुठे करायचा, पाणी कुठे मिळेल, चूल कुठे मांडता येईल, लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना पाठ टेकायला कोरडी जागा सापडेल का, हे प्रश्न तेव्हा उभे राहतात. ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याला त्यांची उत्तरे लवकर सापडतात. गरिबाला ती सहजासहजी सापडत नाहीत. आणि ज्याला गावात कोणी जवळ उभे करीत नसे, त्याला तर पूर्वीच्या काळी ती बहुधा सापडतच नसत.

ह्या साध्या प्रश्नासाठी ज्यांनी आपले आयुष्य झिजविले, अशा एका थोर पुरुषाची ओळख आज आम्ही आमच्या वाचकांना करून देत आहोत. ते म्हणजे संत गाडगेबाबा. हातात झाडू, अंगावर चिंध्यांचे कपडे आणि डोक्यावर मातीचे गाडगे, असे त्यांचे चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. गावे झाडणारा साधू म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण ह्याच साधूने पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक आणि मुंबई अशा ठिकाणी वाटसरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. आज आम्ही त्यांचे चरित्र सांगणार आहोत ते मुख्यतः ह्या अंगाने.

धर्मशाळा हा शब्द आपल्या बेटावरील तरुण मंडळींच्या कानावर क्वचितच पडतो, म्हणून थोडे सांगून ठेवतो. यात्रेकरूंना आणि वाटसरूंना रात्रभर, किंवा गरज असेल तर दोन-चार दिवस, फुकट अथवा अगदी थोडक्या पैशांत उतरता यावे म्हणून बांधलेली इमारत ती धर्मशाळा. तिथे खाटा-गाद्यांचा थाट नसतो. वर छप्पर, खाली स्वच्छ जमीन, जवळ पाणी आणि स्वयंपाकाला जागा, एवढे मिळाले तरी थकलेला माणूस समाधानाने झोपतो.

लहानपण

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. घराणे परटाचे, म्हणजे कपडे धुणाऱ्यांचे. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले. घरची थोडीफार जमीन होती तीही गेली आणि अखेरीस त्या व्यसनापायीच त्यांचा अंत झाला. डेबूजी तेव्हा अगदी लहान होते. आई सखुबाई मुलाला घेऊन आपल्या माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे ह्या गावी, येऊन राहिली.

अशा रीतीने दुसऱ्याच्या छपराखाली राहणे म्हणजे काय, हे ह्या मुलाला कळत्या वयापासून ठाऊक होते. मामाकडे तो गुरे राखी, नांगर धरी, पडेल ते काम करी. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पुढे मामाची जमीन सावकाराच्या कर्जात सापडली. अंगठा उठविताना कागदावर काय लिहिले आहे हे कुटुंबातील कोणालाही वाचता आले नव्हते. अडाणीपणाची किंमत किती मोठी असते याचा हा धडा डेबूजी जन्मभर विसरले नाहीत. पुढे कीर्तनातून ते लोकांना पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकविण्याचा आग्रह करीत, त्याचे मूळ ह्या अनुभवात आहे.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. पहिल्या मुलीच्या बारशाच्या वेळी बिरादरीला दारू आणि मटणाचे जेवण द्यावयाची रीत होती. डेबूजींनी ती मोडली आणि पाहुण्यांना गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रागावले, पण ते बधले नाहीत. दारूने आपले घर कसे बुडाले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

घर सोडले

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, पहाटेच्या अंधारात, डेबूजींनी घर सोडले. वय अठ्ठावीस वर्षांचे. मागे आई, पत्नी आणि मुले. जवळ एक काठी आणि एक मातीचे भांडे. ते कोणत्याही मठात गेले नाहीत, कोणाला गुरू केले नाही आणि पुढे स्वतःही कोणाचे गुरू झाले नाहीत. ते नुसते चालू लागले.

त्यानंतरची बारा वर्षे त्यांनी अशीच वणवण करीत काढली. फाटक्या चिंध्या जोडून केलेले कपडे, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, आणि ते गाडगे. उन्हापावसात तेच डोक्यावर आणि भुकेच्या वेळी तेच जेवणाचे ताट. कोणी त्यांना वेडा समजे, कोणी चोर समजे. कोणी गोधडेबुवा म्हणे, कोणी चिंधेबुवा. शेवटी त्या मडक्यावरून गाडगेबाबा हे नाव कायम झाले.

ह्या भटकंतीत गाडगेबाबांनी हजारो रात्री उघड्यावर काढल्या. वाटसरूला गाव कसे दिसते हे त्यांना पुस्तकातून कळणे शक्यच नव्हते. ते त्यांनी अंगावर सोसले. म्हणून त्या काळच्या गावात परका माणूस रात्री कुठे उतरत असे, हे आता पाहू.

गावातला मुक्काम

त्या वेळी खेड्यात खानावळ किंवा हॉटेल नव्हते. ओळखीपाळखीचा आणि बरोबरीच्या जातीचा पाहुणा असेल तर कोणाच्या तरी घरी त्याची सोय होई. घराच्या पुढील भागात जी उघडी ओसरी असते, तिथे त्याला घोंगडी अंथरून देत. ओळख नसेल तर गावची चावडी होती. वेशीजवळ मारुतीचे देऊळ होते. वडाच्या किंवा पिंपळाच्या झाडाभोवती दगडमातीचा पार बांधलेला असे, त्यावरही लोक निजत. जवळपास विहीर किंवा नदी असली म्हणजे झाले.

पण ह्या प्रत्येक ठिकाणी पोहोचण्यापूर्वी वाटसरूला एक प्रश्न विचारला जाई, आणि तो म्हणजे त्याच्या जातीचा. उत्तर लोकांच्या पसंतीस उतरले नाही तर ओसरी बंद, देऊळ बंद आणि विहीरही बंद. अस्पृश्य मानलेल्या माणसाला गावाबाहेर आपल्या जातीची वस्ती शोधावी लागे. ती नसली तर झाडाखाली, पावसात, रात्र काढण्याखेरीज त्याला गत्यंतर नव्हते. तहान लागली तर कोणी वरून ओतील तेवढे पाणी ओंजळीने प्यावयाचे.

गाडगेबाबांचे वागणे मात्र ह्या सगळ्याहून निराळे होते. गावात शिरल्यावर ते निजायला जागा शोधत नसत. ते आधी झाडू शोधीत. देवळापुढचे अंगण, गावाचा रस्ता, तुंबलेले गटार, जे घाण दिसेल ते साफ करू लागत. लोक जमत, नवल करीत, काही लाजून हाताशी येत. भाकरी मागायची ती काम करून मागायची असा त्यांचा नेम होता. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर त्यांचे कीर्तन होई. दारू सोडा, कर्ज काढून सण करू नका, देवापुढे मुके जनावर मारू नका, शिवाशीव मानू नका, मुलांना शाळेत घाला, अशा गोष्टी ते वऱ्हाडी बोलीत, लोकांनाच प्रश्न विचारीत विचारीत, गळी उतरवीत. रात्री लोक घरी जात. बाबा कुठेतरी झाडाखाली किंवा नदीकाठी पडत आणि लोक जागे होण्यापूर्वी पुढच्या गावाला निघून जात.

आम्हाला ह्यात एक मोठी गोष्ट दिसते. चांगली जागा आयती मिळण्याची त्यांनी वाट पाहिली नाही. जिथे उतरायचे ती जागाच त्यांनी आधी चांगली केली.

ऋणमोचनचा चिखल

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. पौष महिन्यातील रविवारी तिथे जत्रा भरते. लोक नदीत स्नानाला उतरत, आणि काठावरच्या चिखलात घसरून पडत. बायकामुलांचे, म्हाताऱ्यांचे फार हाल होत. हजारो लोक दरवर्षी हे पाहत आणि आपले स्नान उरकून घरी जात. गाडगेबाबांनी फावडे घेतले आणि त्या वाटेवर माती टाकू लागले. एक वेडा फकीर एकटा राबतो आहे हे पाहून हळूहळू यात्रेकरूही हात लावू लागले. लोकांनी पैसे दिले, आणि १९०८ साली तिथे नदीवर पक्का घाट झाला.

बाबांच्या बांधकामांची ही सुरुवात. पुढे सगळीकडे त्यांची रीत हीच राहिली. आधी स्वतः मातीत हात घालायचे, मग लोकांचे हात आणि शेवटी लोकांचा पैसा. ते अक्षरशत्रू होते, तरी पै पैचा हिशेब चोख असावा यावर त्यांचा कटाक्ष होता. देणगी स्वतःच्या हातात घेण्यापेक्षा ती कामावर परस्पर खर्ची पडावी, ह्याकडे ते डोळ्यांत तेल घालून पाहत.

पंढरीची वाट

महाराष्ट्रात मुक्कामाचा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर उभा राहतो तो पंढरपूरच्या वारीत. ज्येष्ठ महिन्यात आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची आणि देहूहून तुकाराम महाराजांची पालखी निघते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मार्ग सुमारे अडीचशे किलोमीटरचा आहे. पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वाखरी असे मुक्काम करीत वारकरी सुमारे तीन आठवड्यांनी आषाढी एकादशीला पंढरीला पोहोचतात. दिंडीतील लोक एकमेकांना सांभाळतात, ठरलेल्या तळावर उतरतात, गावोगावचे लोक त्यांना भाकरी-पिठले देतात. म्हणून वाटेतली रात्र कशीबशी निभावते.

खरी ओढाताण होते ती पंढरपूरला पोहोचल्यावर. लहानसे गाव, आणि त्यात लाखो माणसे. पावसाळ्याचे दिवस, चंद्रभागेला पूर. जुन्या काळी यात्रेच्या वेळी तिथे पटकी म्हणजे कॉलरा वारंवार पसरत असे. ज्यांचे पंड्यांशी, मठांशी संबंध होते त्यांना आसरा मिळे. बाकीचे वाळवंटात राहत. आणि महार, मांग, चांभार असे जे भाविक तेवढ्याच भक्तीने, तेवढेच अंतर चालून येत, त्यांना देऊळही बंद होते आणि उतरण्याच्या जागाही बंद होत्या.

लोक देवळाकडे रांगा लावीत तेव्हा गाडगेबाबा चंद्रभागेच्या वाळवंटात झाडू मारीत. तिथे त्यांनी ह्या माणसांचे हाल पाहिले आणि धर्मशाळा बांधावयाचे मनात घेतले. १९१७ साली त्यांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले.

चोखोबांचे नाव

हे नाव त्यांनी का दिले ते समजून घेण्यासारखे आहे. संत चोखामेळा हे चौदाव्या शतकातील महार जातीचे विठ्ठलभक्त. त्यांना देवळात जाण्याची मनाई होती. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचे काम चालू असता ती कोसळून ते तिच्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या असे परंपरा सांगते, आणि त्यांची समाधी आजही देवळाच्या महाद्वारासमोर, म्हणजे बाहेरच्या बाजूला आहे. जन्मभर आणि मेल्यावरही जे उंबऱ्याबाहेर राहिले, त्यांचे नाव गाडगेबाबांनी अशा घराला दिले की ज्याचा उंबरा त्यांच्या जातभाईंना मानाने ओलांडता यावा.

विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींनी त्यासाठी उपोषण केल्यानंतर. म्हणजे देवाचे दार उघडण्याच्या तीस वर्षे आधी बाबांनी निवाऱ्याचे दार उघडण्याचे काम सुरू केले होते. देव भेटायचा तेव्हा भेटेल, पण इतके मैल चालून आलेल्या माणसाला आजची रात्र पावसात काढावी लागू नये, एवढाच त्यांचा विचार असावा असे आम्हाला वाटते.

ह्या वास्तूचा पुढचा इतिहासही वाचण्याजोगा आहे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगेबाबा ह्या दोघांना एकमेकांविषयी फार आदर होता. एक परदेशात शिकून आलेले विद्वान, दुसरे पाटी न पाहिलेले कीर्तनकार. १९४९ साली, आंबेडकर भारताचे कायदेमंत्री असताना, गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वाटसरूंच्या मुक्कामाची जागा अशी शिक्षणाच्या कामी आली. बाबांच्या दृष्टीने ही दोन्ही कामे एकच होती.

स्वतः मात्र बाहेर

पंढरपूरला पुढे मराठा धर्मशाळाही उभी राहिली. नाशिकला गोदावरीच्या तीर्थावर धर्मशाळा झाली, तिथे अंध-पंगूंना अन्न देण्याचे सदावर्त चालू झाले. आळंदीला आणि देहूला, म्हणजे जिथून वारी निघते तिथेही, धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण आणि त्याबरोबर धर्मशाळा झाली. लाखो रुपयांच्या ह्या मालमत्ता एका शब्दावर उभ्या राहत होत्या.

आणि हा शब्द ज्याचा, तो माणूस स्वतः त्या इमारतींत राहत नसे. दिवसभर बांधकामावर गवंड्यांच्या मागे फिरावे आणि रात्री बाहेर गवताच्या खोपीत किंवा झाडाखाली पडावे, अशी त्यांची राहणी होती. संस्थांचे कारभार त्यांनी विश्वस्तांच्या हाती सोपविले आणि आपल्या घरच्या माणसांचा त्यांवर काडीइतकाही हक्क ठेवला नाही. कुंताबाई झोपडीत राहिल्या. दुसऱ्यांसाठी एवढाली घरे बांधणाऱ्या माणसाच्या बायकोने झोपडीत दिवस काढावेत, हे आजच्या वाचकाला कठोर वाटेल. आम्हालाही तसे वाटते. ते लपविण्याचे कारण नाही. पण लोकांच्या पैशाला घरच्या माणसाचा हात एकदा लागला की मग तो लागतच राहतो, हे त्यांनी ओळखले होते. कुंताबाईंनी सोसले त्याची नोंद मोठ्या अक्षरांत झाली नाही, म्हणून तिची आठवण इथे मुद्दाम करीत आहोत.

खारेपाटणची रात्र

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे पूर्वज कोकणातून, रत्नागिरी आणि आताच्या सिंधुदुर्ग भागातून, ह्या बेटावर आले. त्याच कोकणात खारेपाटण नावाचे गाव आहे. १९२३ साली गाडगेबाबा तिथे कीर्तनाला गेले होते. समोर मोठा जमाव बसला होता. त्याच सुमारास त्यांचा मुलगा गोविंदा पिसाळलेले कुत्रे चावून वारला, आणि ती बातमी बाबांना कीर्तनातच कळली.

ते घरापासून शेकडो मैल दूर होते. कीर्तन थांबले नाही. ज्याने साऱ्या जगाचे सुखदुःख आपले मानले आहे त्याने आपल्या एकट्याच्या दुःखासाठी लोकांना उठवून द्यावे, हे त्यांच्या मनाला पटले नाही. परक्या गावात, परक्या माणसांमध्ये, मुलाच्या मरणाची रात्र त्यांनी काढली. वाटसरूला रात्री आधार लागतो म्हणजे नुसते छप्पर लागते असे नाही, हे त्या रात्रीनंतर त्यांना कोणी सांगावयास नको होते.

दवाखान्याच्या दाराशी

उतारवयात बाबांचे लक्ष आणखी एका प्रकारच्या वाटसरूंकडे गेले. मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत खेड्यापाड्यांतून रोगी येतात. रोग्याला आत खाट मिळते. पण त्याच्याबरोबर आलेली बायको, म्हातारी आई, धाकटा भाऊ, ह्यांनी कुठे जायचे? मुंबईत ओळखीचे कोणी नाही, हॉटेलला पैसे नाहीत. ही माणसे दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर निजत, तिथेच तीन दगडांवर भात शिजवीत. ही काही तीर्थाची यात्रा नव्हे. पण घर सोडून परक्या गावात रात्र काढण्याची पाळी आलेला माणूस तो वाटसरूच.

१९५४ साली गाडगेबाबांनी मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधणारे पुण्यवान लोक भारतात पुष्कळ होऊन गेले. पण दवाखाना हेही एक तीर्थ आहे आणि तिथल्या दुःखी माणसालाही उतरायला जागा हवी, हे फार थोड्यांना सुचले. पुढे बाबांच्या नावाने दादरलाही धर्मशाळा झाली. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सरवर उपचार घ्यायला लांबून येणारे गरीब रोगी आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात.

ही सर्व कामे आपल्यामागे नीट चालावीत म्हणून ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले त्यांचे चरित्रही प्रसिद्ध झाले.

वाटेतच अखेर

१९५६ सालच्या नोव्हेंबरात मुंबईला वांद्रे येथील पोलीस ठाण्यात बाबांचे अखेरचे मोठे कीर्तन झाले. प्रकृती ढासळत चालली होती. ६ डिसेंबरला डॉक्टर आंबेडकर गेल्याची बातमी आली आणि बाबांना तिचा फार धक्का बसला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, त्यांना मोटारीतून अमरावतीकडे नेत असता वाटेतच, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, त्यांचे प्राण गेले. एक्क्याऐंशीवे वर्ष चालू होते.

ज्याने एवढ्या लोकांना मुक्कामाची जागा दिली, त्याचा स्वतःचा अंत कोणत्याही घरात झाला नाही. तो रस्त्यावर झाला. अमरावतीला ज्या भागात त्यांची समाधी आहे त्याला आता गाडगेनगर म्हणतात. महाराष्ट्र सरकारने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि पुढे अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचे नाव देण्यात आले. शाळेत न गेलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाला मिळाले, याचा आनंद त्यांना झाला असता की संकोच वाटला असता, हे आमचे वाचकच ठरवोत.

आपल्यासाठी काय?

कोणी म्हणेल, हे सारे विदर्भातले आणि पंढरपूरचे झाले. आपल्या बेटावर आता धर्मशाळांची गरज ती काय? बेट लहान, रस्ते चांगले, संध्याकाळपर्यंत जो तो आपल्या घरी पोहोचतो. हे खरे आहे. पण आपल्या पूर्वजांची ह्या बेटावरची पहिली रात्र आठवून पाहावी. पोर्ट लुईच्या बंदरावर, आज ज्याला आपण आप्रवासी घाट म्हणतो, तिथल्या पायऱ्या चढून ते वर आले. मळ्यांवर पाठविले जाण्यापूर्वी त्यांनी तिथल्या डेपोच्या छपराखाली मुक्काम केला. पुढे काय वाढून ठेवले आहे ते ठाऊक नाही, भाषा परकी, माणसे परकी. २००६ साली युनेस्कोने त्या जागेला जागतिक वारसा म्हणून मान दिला. मोठे राजवाडे आणि मंदिरे ज्या यादीत आहेत, त्या यादीत गरीब माणसांची ही उतरण्याची जागाही आहे.

आणि गाडगेबाबांचे काम आपण अगदीच विसरलो आहोत असेही नाही. महाशिवरात्रीला भाविक पायी गंगा तलावाकडे जातात तेव्हा वाटेवरची कुटुंबे रस्त्याच्या कडेला मांडव घालून पाणी, सरबत, फळे घेऊन उभी असतात. थकलेल्याला बसायला जागा देतात. तो कोणत्या भाषेचा, कोणत्या जातीचा, हे तिथे कोणी विचारीत नाही. ही रीत आपण जपली पाहिजे. फक्त यात्रा संपल्यावर रस्त्यावर जे कागद, पेले आणि बाटल्या उरतात, त्यांच्यासाठीही चार जणांनी झाडू हातात घ्यावा. ते काम केल्याशिवाय गाडगेबाबांच्या दृष्टीने सेवा पुरी होत नाही.

आपल्यातील काही कुटुंबे पूर्वजांचे गाव पाहायला आणि तीर्थे करायला महाराष्ट्रात जातात. पंढरपूरला, आळंदीला किंवा देहूला गेलात तर हॉटेलात उतरा अथवा नातेवाइकांकडे उतरा, पण बाबांची एखादी धर्मशाळा मुलांना जरूर दाखवा. तिथे रात्र काढण्याचा योग आला तर निघताना आपण निजलो ती जागा झाडून निघा. पुढच्या वाटसरूला ती स्वच्छ मिळाली पाहिजे. आपल्या आधी जो तिथे राहून गेला, त्यानेही बहुधा आपल्यासाठी तेच केले असेल.